छपराच्या कर्जाची नातवंडं

वहिनींच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, हे अर्धंच खरं आहे. उत्तर मी पत्र आलं त्याच दिवशी लिहिलं होतं. फक्त टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिलं तर ते एखाद्या ग्रंथाच्या प्रस्तावनेसारखं वाटलं, म्हणून पुन्हा लिहिलं. तेही टाकलं नाही. असं करता करता टेबलाचा खण भरत आला, आणि तिकडे वहिनींच्या दारात पोस्टमन येत राहिला तो दुसऱ्याच पाकिटांसह. त्यामुळे वहिनींच्या बाजूने पाहिलं तर मी उत्तर दिलं नाही, हेच पूर्ण खरं.

त्यांनी लिहिलं होतं:

"भाऊजी, फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता आणि मग ‘बरं, ठेवतो’ म्हणता, म्हणून लिहिते आहे. हे गेल्यापासून घरात ह्यांच्या नावाची पाकिटं येतायत. मी ती न फोडता पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकते. आता डबा भरला. एक माणूस येतो. चांगला बोलतो, बूट बाहेर काढतो. म्हणतो, या कागदावर सही करा, म्हणजे साहेबांची सगळी कर्जं एक होतील आणि तुम्ही हप्त्याने फेडा. तारण म्हणून दुकान लावा म्हणतो. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत मुदत आहे. तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत. मी सही करू का? हो किंवा नाही एवढंच कळवा. लांबण नको, तुमची सवय मला ठाऊक आहे."

हे म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. तो गेला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. वहिनी त्यांच्या गावात कपडे दुरुस्तीचं दुकान चालवतात. एक खोली, दोन मशीनं, आणि भिंतीवर दोऱ्याच्या रिळांची रांग. दुकान लग्नाच्या आधीपासून त्यांचं. दादा त्यांना पहिल्यांदा भेटला तोच फाटका कोट घेऊन, आणि नंतर म्हणे चांगले कोटही मुद्दाम उसवून न्यायला लागला. ते दुकान जाणार की राहणार, हे एका सहीवर आलं होतं, आणि सही माझ्या एका शब्दावर.

आणि तो शब्द मला माहीत नव्हता. ‘तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत’ हे वाक्य मला फार लागलं. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. वाचलं खूप, पण दुसऱ्याची वाक्यं सरळ करण्यापुरतं. भावाच्या कर्जावर वहिनीने सही करावी का, हे त्यातल्या एकाही पुस्तकात नव्हतं. असलंच तर मी तिथे स्वल्पविराम बघत असणार.

वाचनालयाच्या दारावर मी जाहिरात पाहिली ती अशा दिवसांत. ‘कर्जात अडकलेल्यांना बाहेर काढायला शिका. सल्लागार म्हणून स्वयंसेवक हवेत. पूर्वानुभवाची गरज नाही.’ माझं इतकं अचूक वर्णन करणारी जाहिरात मी जन्मात पाहिली नव्हती. मी तिथे उभा राहून ती तीनदा वाचली. वाचनालयाची मुलगी म्हणाली, "नाव घालू का आजोबा?" मी म्हणालो, नको, नको. मग परत फिरलो आणि म्हणालो, घाला.

*

वर्ग एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर भरायचा, शनिवारी सकाळी. खाली मोठी मशीनं चालत, त्यामुळे वरच्या खोलीची फरशी कोमट असायची आणि हवेत इस्त्रीच्या कपड्यांचा वास. पहिल्याच दिवशी एकेकाने नकळत चपला-बूट काढले. खोलीत एक मोठं टेबल होतं, स्वयंपाकघरात असतं तसं, आणि त्याच्या एकाच बाजूला खुर्च्या.

"दुसऱ्या बाजूला खुर्ची ठेवायची नाही," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "समोर बसतो तो मागणारा. आपण शेजारी बसायचं. दोघांनी मिळून कागदांकडे बघायचं, एकमेकांकडे नाही."

हे मला फार आवडलं. माणसांच्या डोळ्यांत न बघता करायचं माणसांचं काम असतं, हे सत्तरी ओलांडेपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग ओळखी झाल्या. का आलात, हे प्रत्येकाने सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "कुतूहल म्हणून." हेही अर्धंच खरं. माझ्या शेजारी केस कापायचं पार्लर चालवणाऱ्या एक ताई होत्या. त्या म्हणाल्या, केस कापताना माणसं सगळं सांगतात, आता निदान उत्तर तरी देता येईल. त्यांच्या पलीकडे रुंद खांद्यांचा, हसऱ्या तोंडाचा एक गडी होता. तो उठून उभा राहिला.

"मी बारा वर्षं कर्जवसुली केली," तो म्हणाला. "फोनवर आणि दारावर."

ताईंनी खुर्ची इंचभर माझ्याकडे सरकवली.

"सरका, सरका," तो म्हणाला. "माझी बायको अजून सरकते."

"हे आता आपल्या बाजूला आहेत," बाई म्हणाल्या.

"हो. पगार तिकडे बरा होता."

त्या दिवसापासून त्याचं नाव ‘वसुली’ पडलं आणि माझं ‘मास्तर’. मी कधी कोणाला काही शिकवलेलं नाही, पण चष्मा आणि वही बघून लोक तसं म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

मला त्या गड्याचं विलक्षण कुतूहल वाटायला लागलं. आजवर मी अशा माणसाला फक्त दाराच्या अलीकडून कल्पनेत पाहिलं होतं. हा तर जेवणाचा डबा उघडून मला विचारायचा, "घेणार का मास्तर?" आणि मी नको म्हणालो तर अर्धं माझ्या वहीवर ठेवून द्यायचा.

*

तिथे शिकवत ते सगळं मला नवीन होतं, आणि बरंचसं उलटं वाटायचं. उदाहरणार्थ, पाकिटं. कर्जदार माणूस बंद पाकिटांची पिशवी घेऊन येतो तेव्हा ती आपण फोडायची नाहीत. कात्री त्याच्या हातात द्यायची आणि थांबायचं.

"तासभर लागला तर?" ताईंनी विचारलं.

"लागू द्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही फोडलंत तर ते मनातल्या मनात तुमचं होतं. मग पुढच्या वेळी तो पिशवी तुमच्याकडे टाकून निघून जातो."

मला पिठाचा डबा आठवला. वहिनींच्या हातात जन्मभर कात्री आहे, तरीही.

दुसरं, जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याचे पैसे सगळ्यात शेवटी. आधी घराचं भाडं, दिवे, पाणी, जेवण. वसुली म्हणाला, "शंभर टक्के खरं. ज्याच्या हातात काही नसतं तोच ओरडतो. आम्हाला घसा शेकायला गरम पाणी कंपनी देत होती." मी ते वहीत लिहून घेतलं आणि घरी जाऊन बराच वेळ त्यावर विचार केला. हे फक्त कर्जालाच लागू नाही असं मला वाटलं. पण मी फार लवकर असे निष्कर्ष काढतो.

तिसरं, दुसऱ्याचा खर्च विचारण्याआधी स्वतःचा मांडून जोडीदाराला दाखवायचा. माझा जोडीदार वसुली. मी आयुष्यात कोणाचं देणं ठेवलं नाही, त्यामुळे या परीक्षेत तरी पहिला येईन अशी माझी समजूत होती. वसुलीने माझा कागद लांब धरून वाचला.

"मास्तर, हे ‘पुस्तकं’ म्हणजे भाडं धरून का?"

"नाही. नुसती पुस्तकं."

"आणि हे खाली बारीक अक्षरात काय आहे? जेवण?"

"हो."

"अहो, आमच्याकडे दारू पिणारे यायचे, तेसुद्धा जेवणाचा आकडा मोठा काढायचे. निदान लाजेखातर." मग त्याने कागद बाईंना दाखवला आणि म्हणाला, "बाई, हे पहिलं गिऱ्हाईक आलं बघा आपलं."

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येऊन कपाटासमोर उभा राहिलो तेव्हा मला कळलं की त्यातली निम्मी पुस्तकं मी अजून उघडलेलीच नाहीत. वहिनींचा पिठाचा डबा आणि माझं कपाट यांत फरक एवढाच, की माझ्याकडे कोणी बूट काढून घरात येत नव्हतं.

*

नाटकाचा वर्ग मला नको होता. बाई त्याला ‘सराव’ म्हणत, पण ते नाटकच. एकाने अडचणीतला माणूस व्हायचं, दुसऱ्याने सल्लागार. मी रात्रभर बसून एक प्रकरण तयार केलं होतं: एका व्यापाऱ्याचं जहाज बुडतं आणि त्याच्यावर तीन सावकारांचं कर्ज असतं.

वसुलीने ते ऐकून कपाळाला हात लावला. "मास्तर, जहाजवाले लाँड्रीवर येत नाहीत हो. घरातलं काहीतरी सांगा."

मला दुसरं काही सुचेना. मी खुर्चीवर बसलो. शेजारच्या खुर्चीवर ताई, सल्लागार म्हणून.

"बरं," ताई म्हणाल्या. "आधी सांगा, आज घरात जेवायला आहे ना?"

"आहे तर," माझ्या तोंडून आलं. "आणि नसलं तरी तुम्हाला कशाला सांगू? ओळख ना पाळख."

खोलीत हशा पिकला. मी दचकलो. मी कोणाशी असं बोलत नाही. हे वहिनींचं बोलणं होतं, त्यांच्या हेलासकट.

"काम काय करता?" ताईंनी हसू दाबत विचारलं.

"कपडे दुरुस्त करते. लोकांची पोटं सुटतात, म्हणून माझं भरतं."

हा वहिनींचा ठरलेला विनोद. दादा त्यावर दर वेळी नव्याने हसायचा. मागून वसुली म्हणाला, "मास्तर, झालात की बाई!" आणि शिकवणाऱ्या बाईंनी त्याला गप्प केलं.

पुढे ताईंनी शिकवल्याप्रमाणे एकेक विचारलं. कर्ज कोणाचं? ह्यांचं. हे कुठे आहेत? वारले. कर्ज काढताना तुमची सही होती? जामीन होतात? मी म्हणालो, "मला कोणी विचारलंच नाही." ताईंनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "कागद बघितल्याशिवाय शपथेवर सांगता येत नाही. पण साधारणपणे गेलेल्या माणसाचं कर्ज त्याच्या मागे जे त्याचं राहिलं त्यातून फिटतं. सही नसेल, जामीनकी नसेल, तर बायकोच्या स्वतःच्या दुकानाशी त्याचा संबंध नाही. आता नव्याने सही केली, तर मात्र ते तिचं होतं."

"मग झालं तर!" ताई माझ्याकडे वळल्या. "हे कर्ज तुमचं नाहीच. सही करू नका. सोपं आहे."

हेच ते उत्तर. याच एका शब्दासाठी मी इतके शनिवार जिने चढलो होतो. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी वहिनींच्याच हेलात उसळलो.

"सोपं?" मी म्हणालो. "तो माणूस दर आठवड्याला दारात उभा राहून ह्यांचं नाव घेतो. मी काय सांगू, माझा काही संबंध नाही? मग ते बुडवून गेले असंच झालं ना? शेजारून आणलेला पेचकस ह्यांनी कधी रात्रभर घरात ठेवला नाही. आता मी सही नाही केली तर ते चोर ठरतात. दुकान गेलं तर जाऊ दे. नाव नको जायला."

खाली लाँड्रीचं एक मशीन फिरायचं थांबलं. ताईंनी पेन खाली ठेवलं. मी स्वतःच चकित झालो होतो.

कारण हे वहिनींनी पत्रात लिहिलंच नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं होतं, सही करू का. मग हे मला कुठून कळलं? चाळीस वर्षं त्यांचं बोलणं कानावर पडलं, त्यातून ते आपोआप तयार झालं, की मी पुस्तकी माणूस म्हणून त्यांच्या तोंडी एक पल्लेदार वाक्य घातलं? खणातले सगळे कागद मला आठवले. त्यातल्या काहींत ‘हो’ होतं, काहींत ‘नाही’. पण नावाबद्दल एकाही कागदावर एक अक्षर नव्हतं.

वर्ग सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. "हे प्रकरण जहाजवाल्याचं नव्हतं."

"नाही. वहिनींचं आहे."

"तुमच्या सख्ख्या?"

"हो."

"मग तुम्ही त्यांचे सल्लागार होऊ शकत नाही. आपल्या माणसाचं प्रकरण आपण घ्यायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. त्यांच्या गावातही आपलं केंद्र आहे, मी पत्ता देते."

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही दीर आहात ना? दिराचं काम करा."

"ते काय असतं?"

बाई पिशवी भरत होत्या. "ते आमच्या अभ्यासक्रमात नाही," त्या म्हणाल्या.

*

वसुली खाली दारात माझी वाट बघत उभा होता. त्याने सगळं ऐकलेलं असावं. असल्या माणसाचे कान तिखट असणारच. आम्ही कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसलो आणि मी त्याला वहिनींचं पत्र सांगितलं.

"तो बूट काढतो म्हणालात ना?"

"पत्रात तसं लिहिलंय."

"आम्हाला शिकवायचे ते. बूट काढले की लोक बसा म्हणतात. बसलं की चहा विचारतात. चहा संपला की पेन काढायचं. चहाआधी नाही काढायचं." त्याने आपला कप थोडा लांब सरकवला. "मी चांगला होतो त्यात. फार सह्या घेतल्या."

बाईंनी शिकवलं होतं, विचारा आणि थांबा. इथे मी विचारलंही नव्हतं, नुसताच थांबलो होतो. पण तो बोलत राहिला.

"एक विचारू? तुमच्या भावाने किती ठिकाणचं घेतलं होतं?"

"डबाभर पाकिटं आहेत म्हणजे बऱ्याच ठिकाणचं."

"मग ते बुडवणारे नव्हते."

"म्हणजे?"

"मास्तर, मी बारा वर्षं बघितलंय. बुडवणारा एकच कर्ज काढतो आणि मजेत राहतो. फोन करा, शिव्या घाला, तो झोपतो. दुसरं कोण काढतो? ज्याला पहिलं फेडायचं असतं तो. आणि तिसरं काढतो तो दुसरं फेडायला. आमचा धंदा त्यांच्यावरच चालायचा. बुडवणाऱ्यांवर नाही चालत." त्याने चहा संपवला. "पाकिटं जितकी जास्त, तितकी माणसाची लाज मोठी. चोराकडे एवढी पाकिटं नसतात."

मी ते ऐकलं आणि वही काढायला खिशात हात घातला. त्याने माझा हात धरला.

"लिहू नका. फोन लावा. महिना कधी संपतोय?"

"पुढच्या शनिवारी."

"आणि तुम्ही जहाज बुडवत बसलात? लावा फोन."

त्यानेच नंबर विचारून फिरवला आणि फोन माझ्या कानाला लावला.

"भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "कोण गेलं?"

"कोणी नाही. सगळे आहेत. मी आपला... पत्र आलं होतं तुमचं."

"आलं ना? मला वाटलं पोस्टाने खाल्लं. मग मी म्हटलं, भाऊजी गप्प आहेत म्हणजे त्यांना हो म्हणवत नाही आणि नाही म्हणवत नाही; म्हणजे हो. शुक्रवारी तो माणूस येतोय. मी पेनसुद्धा काढून ठेवलंय."

माझ्या पायाखालची फरशी, जी इथे थंड होती, थोडी हलली. म्हणजे मी काही उत्तर न देताही उत्तर दिलं होतं, आणि ते भलतंच पोचलं होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्हाला सही का करायचीय?"

आणि मग मी गप्प राहिलो. हं म्हणालो नाही, ठेवतो म्हणालो नाही. वसुली माझ्याकडे टक लावून बघत होता. पलीकडे मशीन चालण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"एक कर्ज मला माहीत होतं," वहिनी हळू म्हणाल्या. "छपराचं. गळायला लागलं होतं तेव्हा घेतलं. बाकीची मला माहीतही नव्हती. बहुतेक त्या छपराच्या कर्जाचीच पोरं असतील, नातवंडं असतील. मला सांगितलं नाही त्यांनी." मशीन एकदा खडखडून थांबलं. "भाऊजी, लोक म्हणतील खाऊन गेला. मला ते ऐकायचं नाही."

म्हणजे मी ते वाक्य घातलेलं नव्हतं. निदान सगळं नाही.

वसुलीचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण फोनवर ते माझ्याने बोलवेना. माझ्या तोंडून अशी वाक्यं निघत नाहीत. निघाली तर त्यांचा चुरा होतो.

"पत्र टाकतो," मी म्हणालो. "आज. ते येईपर्यंत सही करू नका."

"तुमचं पत्र? तोवर मी राहीन का जिवंत?"

"वहिनी, आज टाकतो."

"गुरुवारपर्यंत वाट बघेन," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी नाही. आणि लांबण नको."

*

घरी येऊन मी खण उघडला नाही. जुनी उत्तरं वाचली असती तर त्यांतली वाक्यं नव्यात शिरली असती. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं:

"वहिनी,

सही करू का, असं तुम्ही विचारलंत. ते तुम्ही ठरवायचं आहे, पण आधी हे वाचा.

दादाच्या कर्जावर तुमची सही किंवा जामीनकी नसेल, तर ते बहुधा त्याच्या मागे राहिलेल्या त्याच्या पैशातून फिटायचं. दुकान तुमचं आहे. आज सही केलीत तर कर्जही तुमचं होईल. हे मी शिकायला जातो तिथे ऐकलं, पण माझ्यावर विसंबू नका. सोबत तुमच्या गावातल्या केंद्राचा पत्ता आहे. तिथल्या माणसाला कागद दाखवा. मी बुधवारच्या बसने येतो. डबा आपण दोघं घेऊन जाऊ. पाकिटं तुम्ही फोडा, मी शेजारी बसेन. शुक्रवारी तो माणूस आला तर त्याला चहा विचारू नका.

आता दादाच्या नावाबद्दल. बारा वर्षं वसुली केलेला एक माणूस माझ्या ओळखीचा झाला आहे. तो म्हणतो, बुडवणारा एक कर्ज काढून स्वस्थ झोपतो. एकाचं फेडायला दुसऱ्याकडून घेतो, तो फेडणारा. डबा भरला आहे तो दादा परत देत होता म्हणून. त्याला जमलं नाही, आणि त्याने आपल्याला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते मला माहीत नाही. मलाही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

लोकांना काय सांगायचं ते आपण बसमधून ठरवू.

तुमचा दीर"

वाचून पाहिलं. ‘बसमधून’ चुकीचं होतं. बस मी एकटा धरणार, वहिनी तर तिथेच असणार. कागद बदलावा असं फार वाटलं. नवीन कागद पुढे ओढलासुद्धा. मग घड्याळाकडे पाहिलं. पोस्टमनने पेटी उघडायची वेळ होत आली होती. मी चूक तशीच ठेवून पाकीट चिकटवलं आणि पायात चप्पल सरकवली.

पोस्टाची पेटी आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. मी पाकीट तिच्या तोंडात धरलं. मनात आलं, बुधवारी जाणारच आहे तर पत्र हातातच नेलं तर? दारात उभं राहून वाचून दाखवता येईल, चूकही सुधारता येईल. पण गुरुवारपर्यंत वाट बघणारं माणूस बुधवारपर्यंत रोज दाराकडे बघणार होतं, आणि पोस्टमनच्या हातात पुन्हा दुसरीच पाकिटं असणार होती.

मी बोटं सोडली.

पाकीट आत पडलं. मग, खरं सांगायचं तर, मी आजूबाजूला कोणी नाही असं बघून पेटीच्या तोंडात हात घालून पाहिला. तो मनगटापर्यंतच जातो.